हैबती मिस्तरी आणि माझ्या वडिलांची गाडी

हैबती मिस्तरींच्या शेडसमोर कुणीही गाडी आणून उभी केली, की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "बंद कर ती." गिऱ्हाईक बिचारं इंजिन चालू ठेवून दुखणं ऐकवायला बघायचं, पण मिस्तरींनी ते वळणावरूनच ऐकलेलं असायचं. गाडी बंद झाली की ते पुन्हा हातातल्या कामाकडं वळायचे आणि पुढची पंधरा मिनिटं त्या माणसाकडं मान वर करून बघायचे नाहीत. कुणी म्हणालंच, "मिस्तरी, जरा लवकर बघता का," तर उत्तर यायचं, "घाई आसंल तर एसटीनं जा. स्टँड जवळच हाय."

भोरच्या स्टँडकडून नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं शेड होतं. पाटी नव्हती. सत्तरीचा बुटका माणूस, अंगात बाही उसवलेली बंडी, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. समोर तहसीलदार असो की शेळ्या राखणारा, सगळ्यांना अरे-तुरे. नव्या गाड्यांना ते शिलाई मशीन म्हणायचे आणि पोटापुरत्या दुरुस्त करायचे. जीव फक्त जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींवर होता. मला ते आवडायचे असं मी म्हणणार नाही. त्यांना तर मी कधीच आवडलो नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. ते कसं, तेवढं सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

एकदा एक तरणा गडी गाडीचा सायलेन्सर कापून घ्यायला आला होता. गावभर आवाज घुमला पाहिजे, अशी त्याची मागणी होती. मिस्तरींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "गावाला तुजा आवाज कळावा आसं काय केलंस तू आजवर?" बाजूला चहा पिणारे दोघं हसले. तो गडी पुन्हा त्या रस्त्याला दिसला नाही.

टू-स्ट्रोक गाडी देताना त्यांचा एक नियम होता. या गाडीच्या इंजिनाला तेल पेट्रोलमध्येच मिसळून पाजावं लागतं. ते विसरलं आणि नुसतं पेट्रोल घातलं, की पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि जागच्या जागी जाम होतो. म्हणून मिस्तरी एक पितळी पेला पुढं करायचे आणि मालकाला स्वतःच्या हातानं तेल मोजायला, मिसळायला, कॅन हलवायला लावायचे. वीस वर्षं तीच गाडी चालवणाऱ्यालाही यातून सुटका नव्हती. "तुजा हात तुज्या ध्यानात ऱ्हाईल," ते म्हणायचे. "माजं तोंड ऱ्हायचं न्हाई."

मी मोजणीच्या खात्यात नोकरीला आहे. कामासाठी वेल्ह्याकडं जाणं-येणं असतं. कानंदच्या खोऱ्यात एका बांधाची मोजणी होती, त्या दिवशी पाणी प्यायला सोनाबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या दारात थांबलो. गोठ्यात पेंढ्याखालून एक हँडल बाहेर आलेलं दिसलं. पेंढा बाजूला केला तर जुनी टू-स्ट्रोक, गंजलेली, पण एकही भाग न हरवलेली. सोनाबाईंचे मालक प्राथमिक शाळेत गुरुजी होते. खिंड ओलांडून पलीकडच्या गावच्या शाळेत ते याच गाडीवर जायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

सोनाबाईंच्या एका डोळ्याला दिसतच नव्हतं, दुसऱ्याला सगळं धुरकट. भंगारवाला देईल त्याहून थोडं जास्त मी दिलं आणि त्यांनी घासाघीस केली नाही. सरकारी माणूस आहे, तो फसवायचा नाही, असा त्यांचा हिशेब असावा. गाडी टेम्पोत चढवली तेव्हा त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"सायेब, चालू झाली की एकदा हितं आना," त्या म्हणाल्या. "दिसायचं तर न्हाई मला. आवाज तेवडा आयकीन."

"आणतो, आई."

"खिंडीतनं आवाज आला की म्या चाचं आधण ठिवायची. गुरुजी दारात येस्तवर चा उकळल्याला. येकदा बी चुकली न्हाई बगा."

"नक्की आणतो," मी पुन्हा म्हणालो. आणि खरं सांगायचं तर ते म्हणताना, अशा गाड्यांना पुण्याची माणसं काय देतात, हे मी आदल्याच आठवड्यात मोबाईलवर पाहिलेलं डोळ्यांपुढं होतं. मला गरज नव्हती. हे लिहायला बसताना मी प्रामाणिकपणे गरज शोधून पाहिली. पोरांची शिक्षणं झालेली, घर झालेलं. काही सापडलं नाही.

गाडी मिस्तरींकडं आणली. विकायच्या गाडीला ते हात लावत नाहीत, हे भोरमध्ये सगळ्यांना माहीत होतं. "इकायच्या गाडीला मालक नसतो. बिनमालकाचं काम म्या करत न्हाई," हे त्यांचं वाक्य मी आधीच ऐकून होतो. त्यांनी इंजिनाच्या बाजूचं झाकण उघडलं, आतल्या अंगाला फडकं फिरवलं आणि ते झाकण उजेडाकडं धरून बराच वेळ बघत राहिले.

"कुनाची रं?"

"वडिलांची."

त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं नीट पाहिलं. "बापाची?"

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि झाकण खाली ठेवलं.

माझे वडील सारोळ्याला शेती करायचे. आयुष्यात त्यांनी सायकलच्या पुढचं वाहन चालवलं नाही आणि ती सायकलही बहुतेक वेळा शेजाऱ्याची असायची.

पुढचे पाच-सहा महिने दर रविवारी मी शेडमध्ये जायचो. मिस्तरी मला बसू द्यायचे नाहीत. रॉकेलच्या पाटीत सुटे भाग धुवायला लावायचे आणि माझ्या हाताकडं बघून तोंड वाकडं करायचे. "मोजणीवाल्या, जमीन मोजताना बी साखळी आशीच धरतोस का? मग लोकांची भांडनं का मिटत न्हाईत त्ये कळलं." ऐकणारे हसायचे, मी राग गिळायचो. मला गाडी हवी होती.

आणि ते प्रश्न विचारायचे. एका रविवारी एक, कधी दोन. तेही मान खाली घालून, पाना फिरवता फिरवता.

"तुजा बा गाडी कुटं कुटं न्यायचा?"

"वाईला. सासवडच्या बाजाराला."

"लई फिरला म्हनायचा. मागं कोन बसायचं?"

"मीच. लहान असताना."

"आन पावसात?"

"पावसात डोक्यावर पोतं घ्यायचे."

"आसं," मिस्तरी म्हणायचे. एवढंच. मला वाटायचं म्हातारा एकटा आहे, गप्पा मारायला बरं वाटत असेल. खोटं सांगायला मला सुरुवातीला जड गेलं. मग जाईनासं झालं. मी घरून येताना रस्त्यात नवे तपशील जुळवू लागलो.

काम मात्र त्यांनी असं केलं की मी तसं पुन्हा कुठं पाहिलं नाही. गाडीच्या दोन बाजूंचे दोन्ही सायलेन्सर त्यांनी नवे घेऊ दिले नाहीत. जुनेच काढले, शेडमागं शेणकुटांच्या निखाऱ्यात घालून आतली वर्षानुवर्षांची काजळी जाळली, लाकडाच्या हातोडीनं हळूहळू ठोकून झाडली. मी म्हणालो, "मिस्तरी, बाजारात चकचकीत नवे मिळतात." ते म्हणाले, "रंग काय, कुनी बी दील. आवाज बदलला की गाडी बदलली."

अडलं ते पिस्टनपाशी. जुना पार झिजला होता आणि अस्सल कुठं मिळत नव्हता. पुण्याहून मी एक आणला, तो त्यांनी हातात घेऊन नुसता तोलला आणि मला परत दिला. "भाजीच्या तागडीत टाक, वजनाला बरा हाय." महिनाभर गाडी तशीच उघडी पडून राहिली. आणि मग एका रविवारी त्यांनी तो प्रश्न विचारला.

"तुजा बा घरी आला की तुजी आय काय करायची?"

मी जुळवून आणलेलं सगळं संपलं होतं. मग मी म्हणालो, "लांबून गाडीचा आवाज आला की आई चहाचं आधण ठेवायची. वडील दारात येईपर्यंत चहा उकळलेला असायचा. कधी चुकली नाही."

मिस्तरींचे हात थांबले. ते उठले, आत गेले आणि बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आले. त्यात तेलकट कागदात गुंडाळलेला अस्सल पिस्टन होता, रिंगांसकट. शेडच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली त्यांची स्वतःची, त्याच जातीची गाडी कैक वर्षं उभी होती. तिच्यासाठी तो जपून ठेवलेला होता.

"माजी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "ही चालू दे."

त्या दिवशी घरी जाताना मला माझंच कौतुक वाटत होतं. एका बाईची आठवण मी उचलली आणि ती कशी कामाला आली, याचं कौतुक. हे लिहायला जड जातंय, पण वाटलं ते तसंच वाटलं होतं.

गाडी तयार झाली. पहिल्या किकेला सुरू झाली आणि मिस्तरी डोळे मिटून ऐकत उभे राहिले. जाड, गोल, दबका आवाज. भांड्यात पाणी उकळायला लागावं तसा. मग त्यांनी पितळी पेला पुढं केला. मी तेल मोजलं, मिसळलं, कॅन हलवला.

"आता पयली हिला जितनं आनली तितं ने," ते म्हणाले. "मग कुटं बी जा."

"हो, सारोळ्यालाच नेतो."

"सारोळ्याला," ते म्हणाले आणि पाठ फिरवली. "जा मंग."

कापूरहोळला हमरस्ता लागतो. एका हाताला नसरापूर, वेल्हे आणि ती खिंड. दुसऱ्या हाताला किकवी, सारोळे. मी किकवीकडं वळलो, कारण तिथं एका हॉटेलात पुण्याचे एक गृहस्थ माझी वाट बघत होते. पानशेतला त्यांचा बंगला होता आणि शनिवार-रविवार फिरवायला त्यांना अशी गाडी हवी होती. सोनाबाईंकडं आधी जाऊन येता आलं असतं. पण मला उशीर झाला तर त्या गृहस्थांचं मन बदलेल, अशी भीती वाटली. गाडी पाहून ते खूश झाले आणि म्हणाले, "काही कटकट नाही ना हिची?"

तेल मिसळायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण एवढी उठाठेव ऐकून माणूस मागं सरेल, असं वाटलं. मनात म्हटलं, एवढा हौशी आहे, त्याला माहीत असेलच.

"काही नाही," मी म्हणालो. "पेट्रोल घाला आणि फिरा."

दोन महिन्यांनी कुणीतरी ऑफिसात निरोप घेऊन आलं. "हैबती मिस्तरींनी सांगितलंय, मोजणीवाल्याला म्हनावं, तुज्या बापाची गाडी आलीय."

गेलो. गाडी टेम्पोतून आली होती. पानशेतच्या रस्त्यावर इंजिन जाम झालं होतं आणि चार मेकॅनिकांनी त्या गृहस्थांना हैबती मिस्तरींचंच नाव सांगितलं होतं. जपून ठेवलेला तो पिस्टन एका कागदावर पडला होता, एका अंगानं ओरबाडून निघालेला. जुने सायलेन्सरही नव्हते. त्या जागी चकचकीत, मोठ्या आवाजाचे नवे नळ बसवले होते. जुने भंगारात गेले होते.

मिस्तरींनी मला इंजिनाच्या बाजूचं झाकण दाखवलं. आतल्या अंगाला खिळ्यानं कोरलेली एक लहान चांदणी होती.

"ही माजी खून. मी खोलल्याल्या दर इंजिनात काढतो. गुरुजींच्या गाडीत म्याच काढल्याली. तू आनलीस त्याच दिशी दिसली."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"तू कवा खरं बोलतोस त्ये बगत हुतो. दर ऐतवारी इचारलं तुला."

त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"तुजा सासवडचा बाजार आयकून सोडला. पावसातलं पोतं सोडलं. पन त्ये आधण तुज्या घरचं न्हवतं. गुरुजी हितं, ह्या डब्यावर बसून सांगायचं मला. म्हनायचं, मिस्तरी, सायलेन्सरला हात लावू नगा, आमच्या घरात चा हुयाचा न्हाई." त्यांनी पिस्टन उचलून माझ्या हातात ठेवला. "तरी म्हनलं, निदान आवाज तरी तिच्या दारात जाईल. बोलली आसंलच की ती तुला, आन म्हनून. बोलली हुती का न्हाई?"

"बोलली होती."

"जा आता. झाली की बलावतो."

सिलिंडर घासून मोठा करावा लागला, दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा पिस्टन बसवावा लागला. महिना गेला. मग एका सकाळी त्यांनी बोलावलं आणि गाडीवर बसून म्हणाले, "मागं बस. मालकाला द्यायच्या आदी टेस्ट घ्यायचीय."

कापूरहोळ, नसरापूर, पुढं वेल्ह्याचा रस्ता. दीड तासाचा रस्ता. नव्या नळांचा आवाज इतका होता की बोलताही आलं नसतं. खिंड उतरताना रस्त्याकडेच्या म्हशी बुजल्या.

सोनाबाई दारातच उभ्या होत्या. आवाज ऐकूनच बाहेर आल्या असणार. मी त्यांच्या पाठीमागं घरात बघितलं. चुलीवर काही नव्हतं.

"कोन हाय?"

"मी हैबती, वैनी. भोरचा मिस्तरी. संगं त्ये मोजणीचं सायेब हायेत."

"मिस्तरी व्हय. किती वर्सांनी."

मिस्तरींनी गाडी बंद केली नाही, नुसती मंद केली. "आयका जरा," एवढंच म्हणाले. सोनाबाई चाचपडत पुढं आल्या, टाकीवर हात ठेवला आणि मान कलती करून ऐकू लागल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. तो आधी वाट बघत होता. मग हळूहळू वाट बघायचा थांबला.

"ही न्हवं," त्या म्हणाल्या. "आमची आशी वरडत न्हवती."

मी तोंड उघडलं. सगळं सांगून टाकणार होतो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला खरं बोलायचं होतं. पण मिस्तरी माझ्या आधी बोलले.

"न्हाईच वैनी. ही ह्या सायबाच्या बापाची हाय. तुमची माज्याकडं खोलून पडलीय, सामान मिळंना. म्हनलं, हिकडं आलोयच तर सांगून जावं." मग ते माझ्याकडं वळले. "सांग की रं. कुनाची गाडी हाय ही?"

त्यांच्या डोळ्यांत दया नव्हती. असली तरी ती माझ्यासाठी नव्हती.

"वडिलांची," मी म्हणालो.

"आसू दे," सोनाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. "म्या म्हनलं, आमचीच बिगडली का काय. आमची झाली की आना सायेब. मग आधण ठिवीन."

"आणतो," मी म्हणालो.

मिस्तरींनी गाडी वळवली. मी मागं बसायला गेलो, तर त्यांनी हात आडवा केला.

"तू एसटीनं ये," ते म्हणाले.

आवाज खिंडीत चढेपर्यंत आणि पलीकडं उतरून नाहीसा होईपर्यंत मी पडवीत उभा होतो. सोनाबाई सुपात तांदूळ निवडायला बसल्या होत्या, बोटांनीच खडे ओळखत. "बा तुमचा तापट आसंल," त्या म्हणाल्या. "गाडी लई वरडती."

एसटी दुपारी आली.

त्यानंतर मिस्तरींनी मला शेडमध्ये येऊ दिलं नाही. मी स्कूटर घेऊन गेलो, तर "बंद कर ती" एवढंही म्हणाले नाहीत. मी चालू इंजिनावर पंधरा मिनिटं उभा राहिलो आणि परत आलो. गेल्या वर्षी ते वारले. मयताला मी मागं उभा होतो. त्यांची स्वतःची गाडी शेडच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली तशीच होती, पिस्टनावाचून.

सोनाबाई आहेत. त्या खोऱ्यातलं कुणी मोजणीच्या कामाला ऑफिसात आलं, की कागद पुढं करता करता म्हणतं, "सायेब, सोनाबाईनं इचारलंय, गाडी झाली का?"

मी सांगतो, अजून सामान मिळालेलं नाही.